संडे स्कूलचा लहान वर्ग: नव्या टीचरसाठी, शनिवार रात्रीपासून रविवारच्या निरोपापर्यंत

बहुतेकांची सुरुवात अशीच होते. उपासना संपते, दारात कुणीतरी गाठतं आणि म्हणतं, "तुम्हाला मुलांची आवड आहे ना? मग पुढच्या रविवारपासून लहान वर्ग तुम्ही बघा." नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत हजेरीची वही हातात आलेली असते. माझंही तसंच झालं. आज बरीच वर्षं मी हा वर्ग घेते आहे, आणि नव्याने येणारे टीचर जे प्रश्न विचारतात ते फारसे बदललेले नाहीत. मुलं बसत नाहीत, ऐकत नाहीत, गोष्ट अर्धी होते आणि कुणीतरी खिडकीवर चढतं. काय करायचं?

हा लेख तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या संडे स्कूलबद्दल, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या बायबल वर्गाबद्दल आहे. त्यापुढची मुलं वाचू लागतात, वाद घालू लागतात, त्यांचा वर्ग वेगळाच.

पायऱ्यांकडे वळण्याआधी एक प्रसंग सांगते. एकदा बायबलमधल्या जक्कयाची, येशूला बघायला झाडावर चढलेल्या माणसाची, गोष्ट चालू असताना एक मुलगा पूर्ण वेळ टेबलाखाली होता. मी दोनदा बाहेर बोलावलं, तिसऱ्यांदा नाद सोडला. पुढच्या ओळीत मात्र एक मुलगी हाताची घडी घालून, डोळे माझ्यावर लावून बसली होती. गोष्ट संपल्यावर मी तिला विचारलं, "जक्कय झाडावर का चढला?" ती म्हणाली, "कोण जक्कय?" टेबलाखालून उत्तर आलं, "तो बुटका होता आणि समोर मोठी माणसं होती, म्हणून!" त्या दिवसापासून मी 'शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग' हे डोक्यातून काढून टाकलं. या वयाचं मूल अंगाने ऐकतं. त्या अंगाला गोष्टीतलंच काहीतरी काम द्यायचं, इतकीच आपली खटपट. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्यासाठीच.

१. एक रविवार नुसतं बसा

जमलं तर पहिल्याच रविवारी शिकवायला उभं राहू नका. आधीच्या टीचरच्या वर्गात कोपऱ्यात, जमिनीवर, मुलांच्या उंचीला बसा. किती मुलं येतात, त्यातली तीन-चार वर्षांची किती, उशिरा कोण येतं, आईला कोण सोडत नाही, हे वहीत लिहा. नावं पाठ करा. पुढच्या रविवारी दारात मुलाला नावाने हाक मारलीत की निम्मं काम झालेलं असतं.

पालकांना तीन गोष्टी विचारून घ्या. मुलाला कुठल्या खाण्याची अॅलर्जी आहे का, शू-शी लागली तर ते सांगतं का, आणि कशाने घाबरतं किंवा बिथरतं का. तिसऱ्या प्रश्नावर आई-बाबा आधी "नाही, तसं काही नाही" म्हणतात आणि मग जाता जाता वळून सांगतात की मोठ्या आवाजाला तो कान झाकतो, किंवा तिला कुणी हात लावलेला चालत नाही. ते वळून सांगितलेलं महत्त्वाचं. अशा मुलाला टाळ्या-ढोलकीच्या वेळी दाराजवळची जागा द्या, बाकी काही वेगळं करावं लागत नाही.

आणखी एक: वर्गात एकटं राहायचं नाही. दोन मोठी माणसं कायम हवीत, शक्यतो एकमेकांच्या नात्यातली नसलेली. दार उघडं किंवा काचेचं असावं. मुलाला बाथरूमला कोणी न्यायचं, घरी कुणाच्या ताब्यात द्यायचं, हे मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, आधी ठरवून घ्या. हे संशयापोटी नाही. मुलं सुरक्षित राहतात आणि टीचरही. शिवाय एक जण गोष्ट सांगत असताना दुसऱ्याला खिडकीवरच्या मुलाला अलगद उतरवता येतं.

२. गोष्ट एकच, वाक्यही एकच

नव्या टीचरची सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती प्रामाणिकपणापोटी होते. पुस्तिकेत दिलेला धडा पूर्ण झालाच पाहिजे असं वाटतं. गोष्ट, तिचा संदर्भ, तिचा बोध, पाठांतराचं वचन (बायबलमधली ओळ), मागच्या रविवारची उजळणी. मुलं यातलं काहीच घरी नेत नाहीत.

शनिवारी बसून उतारा बायबलमधून स्वतः दोनदा वाचा, पुस्तिका नंतर. मग कागदावर एकच वाक्य लिहा, जे चार वर्षांच्या मुलाने घरी जाऊन सांगावं असं तुम्हाला वाटतं. "येशूने जक्कयाला नावाने हाक मारली." बस. 'पश्चात्तापाने जीवन बदलते' हे वाक्य खरं असेल, पण ते मोठ्यांचं आहे.

लहान मुलं शब्दाचा शब्दशः अर्थ घेतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या विचारपद्धतीचं जे वर्णन केलं, ते वर्गात रोज दिसतं: मूल दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूंच्या आधारे विचार करतं. 'येशू हृदयात येतो' असं मी एकदा सांगितलं, तर पुढच्या रविवारी एका मुलीची आई हसत सांगत होती की पोरगी गार पाणी पीत नाहीये, आत येशूला थंडी वाजेल म्हणून. 'पापाचा डाग', 'देवाचं कोकरू', 'जुना मनुष्य' या शब्दांचंही हेच होतं. प्रतिमा वापरायची तर ती वस्तू समोर ठेवा, नाहीतर साधं बोला: "येशू तुझ्यावर प्रेम करतो. तू घाबरलास तरी, चुकलास तरी."

गोष्ट निवडण्याची मोकळीक असेल तर आधी अशा गोष्टी घ्या ज्यात कुणीतरी काहीतरी *करतं*. चढतं, धावतं, शोधतं, वल्ही मारतं. पौलाची पत्रं नंतर केव्हाही येतील. आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना इसहाकाच्या बलिदानाची तयारी किंवा मिसरातल्या पहिल्या मुलांचा मृत्यू सांगायची घाई करू नका. नोहाची गोष्ट आपण प्राण्यांच्या जोड्या दाखवत गोड करून सांगतो, पण एखादं मूल विचारतंच, "बाकीच्या लोकांचं काय झालं?" तेव्हा खोटं बोलू नका, विषयही बदलू नका. "ते वाचले नाहीत. देवाला फार वाईट वाटलं होतं. ती दुःखाची गोष्ट आहे," एवढं म्हणा आणि मुलाजवळ बसा.

३. घड्याळ समोर ठेवून आखणी

वर्ग ४५ मिनिटांचा धरू. माझी वाटणी अशी असते: येणारी मुलं आणि बैठं काम १० मिनिटं, गाणी ५, गोष्ट १०, गोष्टीचा खेळ ५, हस्तकला १०, वचन, प्रार्थना आणि निरोप मिळून ५. गोष्टीच्या दहा मिनिटांत मी स्वतः बोलते ती फार तर सहा-सात मिनिटं. बाकीचा वेळ मुलांचे प्रश्न आणि "टीचर, माझ्या मामाकडे पण बोट आहे" यात जातो. तो वाया जात नाही.

नियम एकच लक्षात ठेवा: बसणं, उठणं, बसणं, उठणं. सलग दोन बैठी कामं आली की दंगा ठरलेला. गाण्यानंतर गोष्ट, गोष्टीनंतर हालचाल, हालचालीनंतर हस्तकला.

संडे स्कूलची चळवळ ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर इथे शाळा सुरू केली, तेव्हा तिथली मुलं आठवडाभर टाचण्यांच्या कारखान्यात राबत आणि रविवार हाच त्यांचा मोकळा दिवस. सकाळी दहापासून बारापर्यंत शाळा, दुपारी एकला परत, मग चर्च, मग पाचपर्यंत प्रश्नोत्तरावलीचं, म्हणजे धर्मशिक्षणाच्या प्रश्न-उत्तरांचं, पाठांतर! वाचायला शिकायची दुसरी संधीच नव्हती, म्हणून त्या पोरांनी ते सोसलं. आपल्या मुलांकडून ती बैठक मागू नये. गंमत म्हणजे आजही काही ठिकाणी वर्ग त्याच हिशेबाने चालतात, फक्त तास कमी झालेत.

आखणीच्या खाली दोन जादा गोष्टी लिहून ठेवा: एक पाच मिनिटांचा खेळ आणि एक गाणं. मोठ्यांचा उपदेश लांबतो. बहुतेक रविवारी लांबतो. पालक येईपर्यंतची ती पंधरा मिनिटं रिकामी सापडली तर केलेलं सगळं पाण्यात जातं.

४. खोली

वीस मिनिटं आधी पोहोचा. खुर्च्या भिंतीला लावा आणि खाली सतरंजी किंवा चटई घाला. गोल बसवा, रांगेत नको, कारण रांगेत मागच्या मुलाला पुढच्याचं डोकंच दिसतं. तुमच्या पाठीशी खिडकी किंवा दार नको. बाहेरून जाणारं मांजर तुमच्यापेक्षा नेहमीच जास्त रंजक असतं. गोष्टीचं सामान पिशवीत झाकून ठेवा. उघडं दिसलं की मुलं गोष्टीआधीच त्याचा निकाल लावतात. तीन वर्षांखालची भावंडं येत असतील तर मणी, बटणं, बिया अशा तोंडात जाणाऱ्या बारीक वस्तू त्या दिवशी आणूच नका.

५. दारातली पहिली पाच मिनिटं

मूल आत आलं की त्याच्या हाताला लगेच काम हवं. 'सगळे येईपर्यंत थांबा' हे वाक्य दंग्याचं आमंत्रण आहे. चटईवर मोठा कागद आणि खडू, किंवा आजच्या गोष्टीशी जुळणारं काही: मासे रंगवणं, दगड रचणं. मग उशिरा येणारंही सहज मिसळतं.

रडणाऱ्या मुलाच्या आईला "तुम्ही जा, तो गप्प होईल" असं सांगताना जरा जपून. चोरून निघून गेलेली आई मूल विसरत नाही, पुढच्या रविवारी ते दारातच आडवं होतं. आईने सांगून जावं: "उपासना झाली की मी याच दारात येते." मग मुलाला आईची एखादी वस्तू सांभाळायला द्या, रुमाल चालेल. तरीही नाहीच थांबलं तर आईला दोन रविवार कोपऱ्यात बसू द्या.

६. गोष्ट

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पुस्तक हातात धरून वाचू नका. गोष्ट पाठ म्हणजे शब्द पाठ नव्हे, तर घटना पाठ. मी बोटांवर मोजते: पाच घटना, पाच बोटं. बायबल मात्र मांडीवर उघडं असावं आणि सुरुवातीला मुलांना दाखवावं, "ही गोष्ट इथे आहे." परीकथा आणि ही गोष्ट यातला फरक कळायची सुरुवात तिथून होते.

पहिलं वाक्य थेट गोष्टीतलं हवं. "आज आपण एका महत्त्वाच्या विषयावर" अशी सुरुवात केलीत की पोरं गेली. "संध्याकाळ झाली होती आणि नाव किनाऱ्यापासून खूप लांब गेली होती," असं म्हणा आणि थांबा. दोन सेकंद गप्प राहा. नव्या टीचरला शांतता सहन होत नाही, पण वर्गाला आपल्याकडे ओढणारं तिच्याइतकं दुसरं काही नाही. आवाज चढवण्याऐवजी उतरवा. कुजबुजीला मुलं पुढे सरकतात.

आता अंगाला काम कसं द्यायचं, ते काही गोष्टींवरून सांगते.

वादळाची गोष्ट घ्या. एक जुनी चादर, कडेने सगळ्या मुलांनी धरलेली, मध्ये कागदाची नाव. तुम्ही सांगता आहात, मुलं लाटा करताहेत, आधी हळू, मग जोरात. ही गोष्ट बायबलच्या तीन शुभवर्तमानांत आहे, पण मार्काने एक तपशील दिला आहे जो मत्तय आणि लूक देत नाहीत: येशू नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. ती उशी मुलांना फार आवडते. येशूने वाऱ्याला धमकावलं की चादर एकदम स्थिर. एरवी तुम्ही दहादा "शांत बसा" म्हणून जी शांतता मिळत नाही, ती इथे मुलं स्वतः करतात. त्या क्षणी पुढे काही बोलू नका. राहू द्या तशीच.

यरीहो ही तर वळवळ्या मुलांची लाडकी गोष्ट: इस्राएली लोक यरीहो शहराभोवती फेऱ्या घालतात आणि शेवटी ओरडले की त्याची भिंत पडते. खोलीच्या मध्ये खोक्यांची भिंत. सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, म्हणजे एकूण १३. यातली खुबी अशी की लोकांना आज्ञाच होती: सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यामुळे तुमची सगळी फौज १३ फेऱ्या ओठांवर बोट ठेवून फिरते आणि शेवटी मनसोक्त ओरडते. फक्त शेजारच्या खोलीत उपासना चालू असेल तर पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आधी सांगून ठेवा. मी एकदा सांगितलं नव्हतं आणि भिंत नेमकी प्रार्थनेच्या मध्यात पडली.

लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्या मेंढराचा आणि हरवलेल्या नाण्याचा असे दोन दाखले लागोपाठ आहेत. लहान वर्गात मी नाणंच घेते. शंभर मेंढरं चार वर्षांच्या मुलाला मोजता येत नाहीत, दहा नाणी येतात. खोलीत थोडा अंधार करा, एक टॉर्च, एक केरसुणी. एक नाणं आधीच लपवलेलं. बाई दिवा लावते, घर झाडते, शोधते. सापडल्यावर ती शेजारणींना बोलावते, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवून आनंद करायचा. "देवाला पण असाच आनंद होतो" हे वाक्य त्या टाळ्यांतच म्हणून टाका. वेगळा बोध सांगत बसू नका.

छपरातून येशूपुढे खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीत मित्र चार होते. एक खोकं, झाकण काढलेलं, कापडाच्या तुकड्यावर बाहुला, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या. चार मुलं मिळून बाहुला खाली सोडतात. एकाने घाई केली की बाहुला कलंडतो. मैत्रीवर भाषण द्यायची गरज उरत नाही.

शमुवेलाच्या गोष्टीत रात्री देव हाक मारतो, पण या मुलाला वाटतं म्हातारा याजक एली बोलावतोय, म्हणून तो तीनदा उठून एलीकडे धावतो. मग धावू दे की! चटई हे शमुवेलाचं अंथरूण, खुर्ची म्हणजे एली. चौथ्या हाकेला मात्र तो जागेवरच राहतो आणि म्हणतो, "बोल, तुझा दास ऐकत आहे." धावून दमलेली मुलं ते वाक्य कुजबुजत म्हणतात.

आणि दावीद-गल्याथ. आपल्या बायबलमध्ये गल्याथाची उंची सहा हात एक वीत दिली आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मोठ्या माणसाच्या हाताने कागदाची पट्टी मोजून कापा, ती साधारण पावणेतीन ते तीन मीटर भरते, आणि भिंतीवर लावा. बहुतेक खोल्यांत ती छताला टेकते. मग प्रत्येक मुलाला शेजारी उभं करून त्याच्या डोक्यावर खूण करा. गल्याथाचं पुढे काय झालं याचे बारकावे मी या वयाला सांगत नाही, पाच गुळगुळीत गोट्यांपाशीच मुलं खूश असतात. नोहाच्या तारवाची लांबी ३०० हात आहे, तीही मैदानावर मुलांच्या हातांनी मोजायला घेता येते, पण स्वतःची पाठ सांभाळून.

गोष्ट झाल्यावर आकृत्या कपाटात बंद करू नका. रोममध्ये १९५४ पासून सोफिया काव्हालेत्ती यांनी मॉन्टेसरी पद्धतीच्या (मुलं वस्तू हाताळून स्वतः शिकतात त्या) पायावर लहान मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग उभे केले. तिथे मेंढपाळाच्या आणि मेंढरांच्या लाकडी छोट्या आकृत्या मुलं स्वतः हलवतात, पुन्हा पुन्हा. मी पुठ्ठ्याच्या करते. मुलं गोष्ट परत मांडतात, तेव्हा काय पोचलं आणि काय नाही हे तुम्हाला कळतं. माझ्या वर्गात एकदा हरवलेल्या मेंढराला मेंढपाळाने चांगलं रागावलं होतं. म्हणजे मी 'खांद्यावर घेतलं' हे पुरेसं सांगितलंच नव्हतं.

७. प्रश्न

"जक्कय कुठल्या झाडावर चढला?" याचं उत्तर एकच मूल देतं, दर वेळी तेच. असे प्रश्न एखाद-दुसरे पुरेत. त्यापेक्षा ज्यांचं ठरलेलं उत्तर नाही असे विचारा: "उंबराच्या झाडावरून त्याला काय काय दिसलं असेल?" "येशूने नाव घेतलं तेव्हा त्याच्या पोटात कसं झालं असेल?" उत्तर चूक म्हणू नका, "असं वाटलं होय तुला" म्हणा आणि पुढच्याकडे वळा. न बोलणाऱ्या मुलाला बोट दाखवून विचारू नका. त्याच्या हातात आकृती द्या, ते दाखवेल.

८. वचन

दर रविवारी नवं वचन, हा हट्ट मी कधीच सोडला. एकच वचन तीन-चार रविवार. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे स्तोत्र २३ मधलं वाक्य घेतलं तर प्रत्येक तुकड्याला हाताची खूण ठरवा. कधी हळू आवाजात, कधी नाकातून, कधी उड्या मारत. 'उणे' शब्दाचा अर्थ आधी सांगा, नाहीतर पोरं 'उन्हे' म्हणून मोकळी होतात. वाचता न येणाऱ्यांसाठी शब्दांऐवजी चित्रं लावा आणि एकेक चित्र उलटं करत जा. पाठ न होणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करू नका.

बक्षिसांबद्दल माझं मत कडक आहे आणि सगळ्यांना पटत नाही. हजेरीचे स्टिकर, वचनाला चॉकलेट हे चार रविवार चालतं. पाचव्या रविवारी मुलं विचारतात, "आज काय मिळणार?" आमच्याकडे एकदा एक मूल तापात आलं, कारण सलग हजेरीची रांग तुटली असती. त्या दिवशी मी तक्ता उतरवला.

९. हस्तकला

घरी स्वतः एकदा करून बघा, घड्याळ लावून. तुम्हाला पाच मिनिटं लागली तर मुलांना पंधरा लागतील. कापायचं ते आधी कापून आणा. सर्वांत वाईट हस्तकला म्हणजे जी टीचर करतात आणि मूल बघतं, आई-बाबांना दाखवायला छान म्हणून. वाकडंतिकडं चालेल, मेंढरू हिरवं चालेल. काहीच सुचलं नाही तर कोरा कागद द्या: "गोष्टीतलं तुला जे आठवतं ते काढ." मग मूल जे सांगेल ते चित्राखाली त्याच्याच शब्दांत लिहून द्या.

१०. दंगा झालाच तर

आधी स्वतःला विचारा: फार वेळ बसवलं का? उकडतंय का? भूक लागली आहे का? दहातल्या सात वेळा उत्तर इथेच सापडतं आणि मुलं एकदा उड्या मारून आली की प्रश्न संपतो.

उरलेल्या तीन वेळांसाठी: मुलाजवळ जाऊन उभं राहा, बोलणं चालू ठेवा. त्याला काम द्या, नावेची दोरी धरायला, दिवा बंद करायला. मारामारी झाली तर दोघांच्या मध्ये बसा, निवाडा नंतर. ठरलेली खूण ठेवा. मी हात वर करते आणि गप्प उभी राहते. ज्याला दिसलं तो हात वर करतो. नियम तीनच, आणि तेही 'करू नका'चे नव्हेत: ऐकायचं, हात आपल्यापाशी ठेवायचे, बाहेर जाताना सांगायचं.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. शिक्षा म्हणून वचन म्हणायला किंवा प्रार्थना करायला लावू नका. आणि "देव बघतोय हं, त्याला राग येईल" हे शस्त्र वापरू नका. लगेच काम करतं खरं, पण मग देव म्हणजे दाराआडचा पोलीस होऊन बसतो, आणि ती समजूत पुढे वर्षानुवर्षं निघत नाही.

वर्गात मोठी भावंडं बसत असतील तर त्यांना मदतनीस करा. नऊ वर्षांची मुलगी चादरीचं एक टोक तुमच्यापेक्षा चांगलं सांभाळते.

११. प्रार्थना आणि निरोप

प्रार्थना मुलांच्या वाक्यांत आणि आखूड. एक गुळगुळीत दगड हातोहात फिरवा; ज्याच्या हातात दगड, त्याने हवं तर एक वाक्य म्हणायचं, नको तर दगड पुढे द्यायचा. डोळे मिटायची सक्ती करू नका. आमच्यात एकाने सहा महिने फक्त दगड पुढे दिला. मग एका रविवारी म्हणाला, "देवा, आजीचा पाय," आणि दगड पुढे दिला. कुणी काही बोललं नाही. पुढच्या मुलाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

निरोप दारात, एकेकाला, नाव घेऊन. पालकांना तुमचं ते एक वाक्य सांगा: "आज विचारा, नाणं कुठे सापडलं." 'आज काय शिकलास' या प्रश्नाला मुलाचं उत्तर जगभर 'काही नाही' असंच असतं.

सगळे गेल्यावर वहीत तीन ओळी लिहा: काय रंगलं, कुठे घसरलं, कोण आलं नाही. सलग दोन रविवार न आलेल्या मुलाच्या घरी फोन करा, तक्रार म्हणून नव्हे, आठवण म्हणून.

आणि स्केचपेनची टोपणं मोजा. हे खरं तर मुलं जायच्या आधीच करायचं. एखादं कमी भरलं तर ते कुणाच्या तरी मुठीत, खिशात किंवा नाकात असतं, आणि आई-बाबा अजून दारातच असताना ते शोधलेलं बरं.